वाढत्या अंगाचं

जगातली प्रत्येक गोष्ट उद्या आजच्यापेक्षा मोठी होणार, यावर आमच्या साडूंइतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि या विश्वासानं त्यांना जेवढं रडवलं तेवढं कुणा वैऱ्यानंही रडवलं नसेल. बिदरजवळ मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला त्यांचं शिलाईचं दुकान आहे. माझी बायको बहिणींमध्ये शेंडेफळ आणि त्यांची सगळ्यात थोरली, त्यामुळे नात्यानं साडू असले तरी वयानं ते मला सासऱ्यासारखेच. गळ्यात कायम मापाची टेप. ती लग्नातही असते आणि मयतीलाही असते. आसपासच्या शाळांचे गणवेश तेच शिवतात, पण या माणसानं आयुष्यात एकही कपडा नेमक्या मापाचा शिवलेला नव्हता. जे काही शिवायचं ते वाढत्या अंगाचं. बाह्या बोटांच्या पुढं, पँट टाचेच्या खाली, आणि आत चार बोटं दुमड. पहिलीतलं पोर घरातून निघालं की नुसता गणवेशच शाळेला निघाल्यासारखा दिसतो. माझ्या लग्नाचा सफारीही त्यांनीच शिवला. "आता माझी काय उंची वाढणार?" असं मी म्हणालो, तर कानावरचा खडू काढत म्हणाले, "उंची न्हाई तर पोट वाढंल की साडूभाऊ. कायतरी वाढतंयच माणसाचं." लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी दुसऱ्याचे कपडे घालून पळून आलेल्या माणसासारखा दिसतो.

दर उन्हाळ्यात घराण्यातली झाडून सगळी लेकरं जीपमध्ये कोंबायची आणि हैदराबादजवळच्या एका थीम पार्कला न्यायची, हा त्यांचा नेम. लेकरं म्हणजे अगदी पाळण्यातलीसुद्धा. मला विचाराल तर ही पार्कं बघून उदास वाटतं. रंग उडालेले हत्ती, तापलेल्या फरशा, कर्कश गाणी, आणि मजा करायला आलोय हे विसरून एकमेकांवर खेकसणारे आईबाप. तान्ह्या पोरांना तर तिथं काही म्हणता काही कळत नाही, ती फक्त उन्हानं लाल होतात. पण मैलूरला आमच्या दारात जीप थांबली आणि आतून साडूंची हाक आली की नाही म्हणायची माझी छाती होत नसे.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, फक्त बाळांचं चालतं. पहिल्या वर्षी साडूंची पिशवी गेटवर उघडली तेव्हा आत भाकरींची चवड, शेंगाची चटणी आणि हिरव्या मिरच्या निघाल्या. "सब बच्चों का है अम्मा," साडू म्हणाले. गेटवरच्या बाईनं मिरची उचलून विचारलं, "ये भी बच्चा खाता?" साडू शांतपणे म्हणाले, "हमारे तरफ का बच्चा है." ती बाई हसायला लागली आणि आम्ही सगळे आत गेलो. आत गेल्यावर त्यांनी रांगेच्या लोखंडी कठड्यांना लुगड्याची झोळी बांधली, आणि एकेक तान्हं तिच्यात आळीपाळीनं झोपवायला लागले. पाण्यात नायलॉनचेच कपडे लागतात हे कळल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्या पोरांना ते घरीच शिवले. अर्थातच वाढत्या अंगाचे. घसरगुंडीवरून पोरं आधी खाली आली आणि त्यांच्या चड्ड्या मागून आल्या. झुलत्या जहाजात बसले तेव्हा पहिल्याच हेलकाव्याला साडूंनी डोळे मिटून मोठ्यानं त्रिशरण सुरू केलं, आणि पुढच्या बाकावरची अनोळखी माणसंही हात जोडून त्यांच्यामागं म्हणायला लागली.

हे सगळं मी हसत सांगतोय खरा, पण ही सहल कुणासाठी होती ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सुजाता, म्हणजे सुजी, त्यांच्या लेकीची लेक. जन्मापासूनच तिचं अंग वाढत नव्हतं. डोकं असं तल्लख की माझ्या पोराचा अभ्यास तीच घ्यायची, पण उभी राहिली की बालवाडीतली वाटायची. बिदरचे डॉक्टर झाले, हैदराबादचे झाले, औषधं झाली. शेवटी एका डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पोरगी ठणठणीत राहील, पण उंची फारशी वाढणार नाही. साडूंनी ते ऐकून घेतलं, घरी आले, आणि सुजीच्या नव्या फ्रॉकला चारऐवजी सहा बोटं दुमड घातली.

त्या पार्काच्या गेटवर लाकडी जिराफ उभा आहे. त्याच्या मानेवर लाल रेघ. डोकं रेघेच्या खाली राहिलं तर पोर फुकट, पण मनगटाला पिवळी पट्टी, म्हणजे फक्त बाळांचे खेळ. डोकं रेघेला लागलं तर तिकीट, लाल पट्टी, आणि मग सगळे पाळणे मोकळे. साहजिकच तिथं प्रत्येक बाप आपल्या पोराचं डोकं हळूच दाबत असतो. "वाक रे, गुडघे मोड," अशी कुजबुज रांगभर चाललेली असते. एकटे आमचे साडू सुजीची हनुवटी वर उचलत. "ताठ ऱ्हा माय. मान वर. लांब श्वास घे." दरवर्षी गेटवरचा माणूस पिवळी पट्टी काढी आणि दरवर्षी साडू त्याच्याशी भांडत. "तिकीट कामून घेत न्हाईस? पूरा टिकट लो!" एरवी तुटलेलं बटणही जपून ठेवणारा हा माणूस तिकिटासाठी हुज्जत घालायचा, आणि मागची रांग हसायची. सुजी मात्र हसत नसे. ती मनगटावरची पट्टी दुसऱ्या हातानं झाकून घेई.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाचं डोकं रेघेच्या वर गेलं. ज्याला साडूंनी त्याच कठड्याच्या झोळीत झोके दिले होते, तो लाल पट्टी मिरवत आत पळाला. मागं सुजी उरली. ती म्हणाली, "आबा, मी न्हाई येत. मी जीपमधी बसते."

"आसं कसं? चल की."

ती जिराफाजवळ गेली. तिनं मान ताणली, श्वास कोंडला आणि टाचा उचलल्या. आखूड पायांच्या दहा बोटांवर ती थरथरत उभी होती, तरी रेघ वीतभर वरच होती. तिची नजर आजोबांवर होती. हे सगळं ती त्यांच्यासाठी करत होती, स्वतःसाठी नव्हे, हे मला त्या क्षणी कळलं. साडूंनाही ते कळलं असावं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळून खिशात ठेवली. मग तिच्यापाशी उकिडवे बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "सुजे, टाचा टेक खाली. येडी हायस का? लई उंच दिसायलीस, तिकीट लागंल ना!"

सुजी त्यांच्याकडं बघतच राहिली. "खरंच?"

"व्हय तर. वाक जरा. गुडघे मोड. आजून मोड."

सुजीनं गुडघे वाकवले. गेटवरच्या माणसानं एकदा साडूंकडं पाहिलं, आणि त्या भल्या माणसानं कपाळाला आठी घालून, फार वेळ संशयानं मापून, मग कुठं पिवळी पट्टी दिली. आत शिरताच सुजी टाळ्या पिटत ओरडली, "आबा, गंडवलं त्यांला!" साडू खो-खो हसले. मग पिण्याच्या पाण्याच्या नळाशी गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. मी जवळ गेलो नाही.

यंदा शाळा सुरू व्हायच्या आधी ते सुजीला घेऊन आमच्याकडं आले होते. तिच्या अंगात नवा निळा फ्रॉक होता. खांदे खांद्यांवर, बाह्या मनगटाशी. मी सवयीनं घेराची कड उलटून पाहिली. आत नुसती बारीक टीप होती, दुमड नव्हती. सुजी आमच्या आरशासमोर गोल फिरत होती आणि माझ्या बायकोला सांगत होती, "मावशीआजी, ह्यो फ्रॉक माझाच हाय बघ." खरंच, त्या फ्रॉकात ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी कपड्यात हरवल्यासारखी वाटत नव्हती. गोड दिसत होती. साडू दारातल्या खुर्चीवर बसून तिच्याकडं बघत होते, आणि त्यांचा हात गळ्यातल्या टेपेचं टोक उगाच गुंडाळत आणि सोडत होता.

माझ्यासाठीही त्यांनी पँट आणली होती. घालून बघितली तर तिचे पाय जमिनीवर लोळत होते. मी हसून म्हणालो, "अहो, आता तरी माझं माप घ्या." ते उठले, माझ्या पायाशी बसून पँटची लोळती कड हातानं वर दुमडायला लागले आणि खाली मान घालूनच म्हणाले, "असू द्या साडूभाऊ. एखादं तरी वाढत्या अंगाचं ऱ्हाऊ द्या."

मी ती पँट तशीच ठेवून घेतली. खाली दुमडून घालतो.