आधी घोट, मग फोटो

मंदाताईंनी दिलेल्या कॉफीचा मी फोटो काढायला गेलो, तेव्हा त्यांनी फोन आणि कप यांच्या मध्ये बशी धरली. "आधी घोट. मग काय काढायचं ते काढा. नंतर म्हणता, मंदाताई, गार दिली."

मी काही फोटो काढत सुटणाऱ्यांतला नव्हे. पण त्या दिवशी दुधाच्या फेसावर द्राक्षाचं पान इतकं रेखीव उमटलं होतं, की मोह झाला. स्वतःचं असं पान पहिल्याच घोटात मोडायला लावणारी बाई मला तिथेच आवडली.

त्या पिंपळगाव बसवंतच्या. अर्धं आयुष्य दुधाचा रतीब घालण्यात गेलं. पन्नाशीला टेकल्यावर कॉलेज रोडवरच्या कॅफेत कॉफी करायला शिकल्या. 'बरिस्ता' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "कॉफीवाली म्हणा. जीभ तरी वळते."

एकदा कॅफेच्या मालकांनी शहरातल्या कॉफीवाल्यांची स्पर्धा ठेवली. फेसावर चित्रं काढायची. फलकावर 'मैत्रीपूर्ण' असं ठळक लिहिलं होतं. मैत्री अशी लिहून दाखवावी लागली की मला तिची काळजी वाटते. कारणही होतं. जिंकणाऱ्याकडे गंगापूर रोडवरचं नवं दुकान सोपवलं जाणार होतं, आणि मंदाताईंना ते हवं होतं. दुधाचा फ्रीज कुठल्या भिंतीला लावायचा, हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मुंबईहून परीक्षक आले. सगळे त्यांच्याचसाठी जमलेले असूनही गळ्यात ओळखपत्र. कप वरून बघायचा, फोटो घ्यायचा आणि कॉफी बादलीत ओतायची, अशी त्यांची पद्धत. शेवटच्या फेरीत मंदाताई आणि मालेगावचा इम्रान उरले. इम्रानने हंस काढला.

"गोदावरीवर हंस कुठं बघितला रे? बगळा काढ."

"खाला, बगळ्याला मार्क कोण देणार?"

हंसाचा फोटो घेऊन परीक्षक मंदाताईंकडे वळले. मंदाताईंनी आपला कप बशीने झाकला.

"घोट घ्या, साहेब."

"मावशी, इथे चव नाही बघत. फक्त चित्र."

"मग कागद आणायचा ना. दूध कशाला नासवता?"

मालक लगबगीने आले. "मंदाताई, दुकानाचा विचार करा."

"केला, म्हणून तर बोलते. तिथंबी ही बादली ठेवणार का?"

मालक बादलीकडे बघत राहिले.

"कप उघडा, नाहीतर बाद," परीक्षक म्हणाले.

"करा बाद. मी नाय ओतू देणार."

त्या बाद झाल्या. तेव्हा इम्रानने पुढे होऊन बशी उचलली आणि मंदाताईंची कॉफी उभ्या उभ्या पिऊन टाकली. "कडक, खाला!" मग आपला हंस त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तोही संपवला. ती फेरी बादलीला उपाशी गेली.

दुकान अर्थातच इम्रानला मिळालं. उद्घाटनाला पहिला कप त्याने मंदाताईंना दिला. बादली कुठे दिसत नव्हती. फेसावर हंस होता. मालकांनी फोटोसाठी फोन वर केला, तोवर हंसाची मान गेली होती.

मंदाताईंनी पदराने ओठ पुसले आणि दुकानभर नजर फिरवली.

"कॉफी झ्याक. फ्रीज मात्र चुकीच्या भिंतीला लावलास रे."