बाबांच्या आवाजाचं डबिंग

दवाखान्याची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसले असाल. ठेवा खिशात. यात ऑपरेशन नाही, रक्त नाही, साधं सलाइनही नाही. लावलं असतं तर बरं होतं, घरी सांगायला काहीतरी राहिलं असतं.

गोंदियाच्या डॉक्टर मॅडमनी माझा ईसीजी, म्हणजे छातीला तारा चिकटवून काढतात तो कागद, पाहिला अन् म्हणाल्या, "हार्ट एकदम ठीक आहे. तुला पॅनिक अटॅक आला होता."

छाती आवळलेली, हाताला मुंग्या, श्वास घशाखाली उतरत नव्हता. मी मरून राहिलो होतो अन् रिपोर्ट नॉर्मल. खुश व्हावं की भांडावं, समजेना.

खरं तर पेशंट मी नव्हतोच. पेशंट बाबा.

अर्जुनीकडे आमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकाची खेचल्याशिवाय बाबा पुडा बांधत नव्हते. धानकापणीच्या दिवसांत त्यांना स्ट्रोक आला, म्हणजे मेंदूकडं जाणारं रक्त अडलं. हात हळूहळू परत आला, बोलणं नाही आलं. याला अफेजिया म्हणतात. माणसाला सगळं समजते, शब्द मनात असते, तोंडापर्यंत येता येता हरवते. सांगायचं असते मीठ, निघते "ते... ते..."

अन् मी नकला करणारा. शाळेत हेडमास्तरांची केली, मार खाल्ला. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, रात्री दंडारीच्या नाटकात तीच केली, शिट्ट्या मिळाल्या. बाबांचा आवाज तर मला झोपेतही येते.

एक दिवस ओळखीचा गिऱ्हाईक आला. बाबा "ते ते" करून राहिले. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी बाबांच्या मागं उभा राहून त्यांच्याच आवाजात म्हटलं, "काऊन गा, सासरवाडीहून येऊन राहिला का? तोंड काऊन सुजला?"

गिऱ्हाईक हसला. आतून आई हसली. बाबाही अर्ध्या तोंडानं हसले. बस, तिथून डबिंग सुरू. बाबा ओठ हलवत, आवाज मी देई. लोक मुद्दाम ऐकायला येत. आईनं भाजी कशी झाली विचारलं तरी बाबांच्या आधी मीच सांगे.

गोंदियाची स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोलणं शिकवणारी ताई. ती सांगे, त्यांना वेळ द्या, मधात शब्द भरू नका. आम्ही माना हलवायचो अन् घरी येऊन परत सिनेमा सुरू.

मग तो दिवस. मी थेरपीच्या खोलीबाहेर बाकावर, दार अर्धं उघडं. आत ताईनं चित्र दाखवून विचारलं, हे काय आहे? बाबा गप्प. कितीतरी वेळ गप्प. माझं तोंड आपोआप उघडलं, बाबांच्या आवाजात "गाय" म्हणायला. आवाज निघाला नाही. छाती आवळली. बाजूची मावशी हसून राहिली होती, कारण थोड्या वेळाआधी मी तिला नंबर पुकारणाऱ्याची नक्कल करून दाखवली होती. मी बाकावरून खाली पडलो, तेव्हा ती ओरडली.

ईसीजी पाहून झाल्यावर मॅडमनी विचारलं, कसं वाटते? मी त्या नंबरवाल्याच्या आवाजात उत्तर दिलं. त्या हसल्या नाही. म्हणाल्या, "आता तुझ्या आवाजात सांग."

मी तोंड उघडलं. तो कोणता, तेच आठवेना.

मग जमेल तसं दुकानातल्या डबिंगचं सांगितलं. "हसवणं वाईट नाही," मॅडम म्हणाल्या. "ते तुझं कोपिंग आहे, म्हणजे ताण झेलायची तुझी रीत. पण घरात दोघांचं तू एकटाच बोलून राहिला. तुझी भीती कोण बोलते? अन् बाबांना चान्स कधी मिळते?"

परत अटॅक आला तर पाय जमिनीला टेकव, श्वास हळू बाहेर सोड, पाच-दहा मिनिटांत उतरते, असं शिकवलं. तुम्हालाही कामी येईल. पण पहिल्यांदा असं झालं तर आधी ईसीजी काढा, स्वतःच ठरवू नका. घरी सांग, असंही म्हणाल्या. मी घरी ॲसिडिटी सांगितली.

डबिंग मात्र बंद केलं. दुकान इतकं शांत झालं की तराजूचा आवाज येई. लोक माझ्याकडं पाहत. आई चिडून म्हणाली, "काऊन चूप आहेस? मानूस हासत तरी होता." मी बरोबर करून राहिलो की बापाचं हसू हिसकून राहिलो, कळेना.

मग दुकानातच परत अटॅक आला. तांदळाच्या पोत्यावर बसलो, पाय टेकवले, श्वास सोडू लागलो. आईला वाटलं नक्कल आहे. बाबांना नाही वाटलं. ते गल्ला सोडून आले, माझ्यासमोर उभे राहिले. मी सगळं सांगून टाकलं, ईसीजी, पॅनिक, सगळं.

"गाढवा," बाबा म्हणाले. एकदम साफ. शिव्या आधी येतात, असं ताई म्हणाली होती.

पुढचं साफ नव्हतं. "मले... मले..." आई शब्द द्यायला सरसावली, मी तिचा हात धरला. गिऱ्हाईक थांबलेला. बाबा घामानं ओले झाले.

"मले... काऊन... नाई सांगतलास? मी... मी... मेलो होतो का बे?"