शिवगंगाची ओळख

पुण्याच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला, तेव्हा शिवगंगाला सगळ्यात मोठा आनंद झाला तो हा, की तिथं तिला कुणी लॉजवाली म्हणणार नव्हतं. तुळजापुरात देवळामागच्या गल्लीत त्यांचं लॉज. शाळेत हजेरी घेतानाही मास्तर तिच्या नावापाशी थांबायचे, "पौर्णिमेला आमचे पाहुणे आहेत गं, एक खोली ठेवायला सांग."

आता नव्या मुलामुलींचा फोनवर ग्रुप झाला होता. प्रत्येकानं आपली ओळख लिहायची. शिवगंगा लिहायची, खोडायची. दगड आवडतात म्हणावं तर वेडी वाटेल, न म्हणावं तर खोटं. एक मात्र ठरलं होतं, लॉजचा उल्लेख नाही. मजकूर अर्धाच ठेवून ती केस धुवायला गेली. फोन काउंटरवर राहिला.

लॉजचा फोन बादलीत पडल्यापासून बुकिंगचं सिमही तिच्याच फोनमध्ये घातलेलं. काउंटरवर तिची आई, राजेश्वरीबाई. अनोळखी माणूस आपणहून नाव-गाव सांगतो तो खोलीसाठीच, हे बाईंना उभ्या संसारात पक्कं कळलेलं. आणि इथं तर रांगच लागली होती.

"नमस्कार, मी कृष्णराज, धुळे. सगळ्यांना भेटायला उत्सुक आहे."

बाईंनी लिहिलं, "या. किती माणसं?"

"मी श्रावस्ती, नांदेड. जरा लाजाळू आहे."

"चालतंय. बाथरूम आतच हाय."

"मी योगीराज. डोंगर चढायचा नाद आहे."

"मग वरची खोली देते. लिफ्ट न्हाय."

डोक्याला टॉवेल गुंडाळून शिवगंगा आली आणि वाचतच राहिली. "अव्वा, काय केलंस हे?"

"लई गर्दी हाय बघ औंदा. तुझ्या वडलांना म्हणावं, वरच्या खोल्या झाडून घ्या."

"ही गिऱ्हाईकं न्हायत. माझ्या कॉलेजची पोरं हायेत, ओळख करून देत्यात."

"ती काय खोलीत ऱ्हात न्हायत व्हय?"

"आपापल्या घरी हायेत ती."

"मग गाव कशाला सांगितलं?"

शिवगंगानं फोन ओढून घेतला. ती माफीचा मजकूर लिहायला बसली, तर तेवढ्यात कृष्णराजनं आजी धरून पाच माणसं कळवली होती. श्रावस्तीला खिडकीची खोली हवी होती. कुणीतरी विचारलं होतं, ही तुळजापूरची सहल सक्तीची आहे का. दुसऱ्यानं लिहिलं होतं, बहुतेक हो, हजेरी लागते म्हणतात.

शिवगंगानं सगळं खोडलं आणि एका दमात लिहिलं, "ते मेसेज माझ्या आईचे होते. सहल वगैरे काही नाही. मी शिवगंगा. मला दगड आवडतात."

आई शेजारी उशांचे अभ्रे मोजत होती, मधूनच फोनमध्ये डोकावत होती.

मग योगीराजचं उत्तर आलं. "छान. मलाही आवडतात. आम्ही सहा जण आहोत, एका खोलीत बसू का?"

नाही म्हणायला एकच शब्द पुरला असता. शिवगंगाची बोटं मात्र थांबली नाहीत.

"बसाल. दोन गाद्या जादा टाकते. येताना सगळ्यांनी आधार कार्ड आणा."