केंजीच्या बाहुल्याचा दुसरा डोळा

चार देशांची माणसं रोज एकाच कॉफी मशीनपाशी उभी राहिली की किस्से जमवावे लागत नाहीत, जमतात. जर्मनीतल्या गार्चिंगच्या आमच्या इन्स्टिट्यूटमधले माझ्याकडचे निम्मे एकट्या केंजीचे आहेत. केंजी जपानचा माजी खासदार. वडिलांच्या मतदारसंघातून एकदा निवडून आला, पुढच्या वेळी पडला आणि सरळ आपल्या जुन्या इंजिनिअरिंगकडे परत आला.

*

पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकाला वाकून, दोन्ही हातांनी आपलं कार्ड दिलं. सफाईवाल्या बाईंनाही! महिन्याभरात त्याला सगळ्यांची नावं पाठ, वाढदिवसांसकट. मला शेजारच्या टेबलावरच्याचं आडनाव अजून धड येत नव्हतं.

*

मग रिसर्चर्सच्या प्रतिनिधीची निवडणूक लागली. उमेदवार एकटा केंजी. तरी हा सकाळी, जपानी उमेदवार प्रचारात घालतात तसे पांढरे हातमोजे घालून उ-बानच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्यापाशी उभा, येईल त्याला वाकून नमस्कार!

"अरे, तुझ्याविरुद्ध कोणीच नाहीये," मी म्हटलं.

"गेल्या वेळी मलाही असंच वाटलं होतं."

*

त्याच्या टेबलावर एक लाल, गोल बाहुला असे, दारुमा. निवडणुकीला उभं राहताना त्याचा एक डोळा रंगवायचा, जिंकल्यावर दुसरा. केंजी निवडणुकीत पडल्यापासून त्याचा दारुमा एकडोळाच होता.

अशात तिकडे जपानमध्ये संसद अचानक विसर्जित झाली. इकडे प्रोफेसरांनी त्याला कायमची नोकरी देऊ केली होती. केंजीने रजा टाकली.

"ही शेवटची. पडलो तर राजकारण बंद, नोकरी घेतो." दारुमा माझ्या घरी ठेवून तो गेला. "जिंकलो तर कुरिअर कर."

केंजी पडला. थोडक्यात पडला.

*

परत आल्यावर त्याला जेवायला बोलावलं. पुण्याहून आलेली माझी आई तो गेला त्याच्या आधीपासून माझ्याकडेच होती. केंजीने दारुमा मागितला, तर आईने तो चक्क देव्हाऱ्यातून काढून आणला. कपाळाला हळद आणि डोळे दोन! देव्हाऱ्याकडे मी रोज कुठे बघतो!

"आई, हा डोळा?"

"मीच काढला, तुझ्या मार्करने. तो गेला त्याच दिवशी. अर्धवट डोळ्यांचा देव घरात ठेवतात का?"

मी चाचरत केंजीला सगळं सांगितलं. त्याने बाहुला दोन्ही हातांनी उचलून घेतला. मग आईपुढे कमरेत वाकला.

"म्हणजे मी निवडून आलोय," तो म्हणाला. "फक्त मतदारांना अजून कळलेलं नाही."

मी आईला मराठीत सांगितलं.

"मग इथे काय करतोय? जाऊन सांग म्हणावं त्यांना!"

सोमवारी केंजीने प्रोफेसरांना नोकरी नको म्हणून सांगितलं.