नानांचा मोहिंगा

माझे सासरे नाना यांनी पन्नास वर्षं एकाही जेवणाला पूर्ण गुण दिले नव्हते. कारण त्यांचं बालपण रंगूनला गेलं. वडील तिथे कारकून होते. युद्ध आलं, कुटुंब पुण्याला परतलं. नानांचं नाक मात्र तिकडेच राहिलं.

आमच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला, हात वर केला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "रंगूनला आमच्या दाराशी एक बाई मोहिंगा विकायची. आहाहा! काय तो वास!" (मोहिंगा म्हणजे शेवया घातलेलं माशाचं सार. आणि हे जिलबीवर!)

नाना शाकाहारी. पण घरात शाकाहारी आणि गावाची वेस ओलांडली की नाही, असे आमच्या नात्यात निम्मे पुरुष आहेत. रंगून तर समुद्रापलीकडे! त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

सत्याण्णव साली नाना महिनाभर आमच्याकडे शारजाला यायचे ठरले आणि मी फोनवर बोलून गेलो, "नाना, इथे जगातलं सगळं मिळतं. मोहिंगा मी खायला घालतो!"

पलीकडून एकच शब्द आला, "बघू."

"कशाला बोललास?" बायको म्हणाली. "आता नाही मिळाला, तर जन्मभर प्रत्येक लग्नात जिलबीऐवजी तुला वाढतील!"

मी दुबई पालथी घातली. देरा भागातल्या चिनी हॉटेलात मालक मल्याळी, आचारी नेपाळी. "बर्मीज? यस यस! फ्राइड राइस?" थाई हॉटेलातली बाई म्हणाली, "सेम सेम!" इकडे नाना येऊन तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी दार उघडलं, की सोफ्यावरून प्रश्न, "काय जावईबापू, बघताय ना?"

शेवटी ऑफिसातला वसईचा डिमेलो धावून आला. "टेन्शन कशाला घेतो रे? रास अल खोरला माझ्या भावाच्या वर्कशॉपच्या मेसमध्ये बर्मी कुक आहे. शुक्रवारी घरीच घेऊन येतो. खलास!"

शुक्रवारी कोविन नावाचा तो हसरा कुक एक मोठं पातेलं आणि कपड्यात गुंडाळलेला एक डबा घेऊन आला. डब्यात आंबवलेल्या कोळंबीचा गोळा होता. त्याने तो तेलात सोडला.

आमच्या इमारतीचा एसी मध्यवर्ती होता. वास स्वयंपाकघरातून नळीत आणि नळीतून पाचही मजल्यांवर, कुणाचाही धर्म न विचारता, पोचला.

"इट्स स्टिंकिंग, मम्मी!" माझा मुलगा ओरडला. तेवढ्यात पठाण वॉचमन दार बडवू लागला, "साब! कौन मर गया? सब नीचे चलो, यल्ला!" दहा मिनिटांत अख्खी इमारत नाकाला रुमाल लावून फुटपाथवर. ऑगस्टचं ऊन, लुंगीतले शेजारी, बुरख्यातल्या शेजारणी, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. (डिमेलो पलीकडच्या फुटपाथवर उभा होता. ओळख न दाखवता!)

"बाबा कुठे आहेत?" बायको किंचाळली.

मी चार मजले धावत चढलो. नाना बेशुद्ध पडले असतील, पुण्याला काय तोंड दाखवू, असले विचार करत स्वयंपाकघरात शिरलो. नाना पातेल्यावर वाकून उभे होते. हात वर. डोळे मिटलेले. गालांवरून पाणी.

"हाच!" ते म्हणाले. "अगदी हाच!"

माझी छाती फुगली. मी वाडगा भरून समोर धरला. "घ्या नाना!"

नाना दोन पावलं मागे सरले. "मी? छे छे! मासे असतात त्यात!"

"पण... रंगूनला?"

"रंगूनला आमच्या आईचं सोवळं होतं. रोज वरणभात! खिडकीत बसून जेवायचो आणि त्या बाईच्या पातेल्याचा वास घ्यायचो. मोहिंगा खाल्ला, असं मी कधी म्हणालो?"

खरंच, कधीच म्हणाले नव्हते.

त्या दिवशी नानांनी खुर्ची पातेल्याजवळ ओढली आणि दोन वेळा वरणभात मागून घेतला. जेवणाला पहिल्यांदाच पूर्ण गुण मिळाले. ते वरणाला!

मोहिंगा मी एकट्याने चार दिवस खाल्ला. आता कुठल्याही पंगतीत बसलो, की माझा हात आपोआप वर जातो, डोळे मिटतात आणि मी म्हणतो, "आमच्या शारजाला एकदा मोहिंगा झाला होता..."

"डॅड, नॉट अगेन," मुलगा म्हणतो आणि माझ्या पानातली जिलबी उचलतो.