बाबांचं कागदावरचं वय

नवं सरकार येऊन महिना उलटला नव्हता, तेवढ्यात शहरातल्या आमच्या वासणा भागातल्या बागेतल्या बाकांवर त्याचं तीनदा कौतुक करून आणि चारदा श्राद्ध घालून झालं होतं. बाक दोनच, समोरासमोर, आणि सकाळी साडेसात ते नऊ ते निवृत्तांच्या मालकीचे. बाबांना काठी असली तरी एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही. म्हणून मी त्यांना पोचवते, स्वतः चार फेऱ्या मारते, त्यांना घरी आणते आणि मग अलकापुरीच्या ऑफिसला पळते. त्या चार फेऱ्यांत राज्यकारभार मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो.

त्या सकाळी मात्र मी फेऱ्या सोडून तिथेच उभी राहिले. सरकारने पहिल्या काही निर्णयांतच जाहीर केलं होतं की, ऐंशी पूर्ण केलेल्या सरकारी पेन्शनरांना एक कार्ड मिळेल आणि ते दाखवलं की खासगी हॉस्पिटलातही आधी पैसे भरावे लागणार नाहीत. वय मात्र पेन्शनच्या पुस्तकात असेल तेच धरायचं. सगळ्यात जास्त चिडले होते ते कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि त्यांचा तर या कार्डाशी काडीचा संबंध नव्हता. एक निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, म्हणजे आम्ही ऐंशीपर्यंत आजारी पडायचं नाही की काय. कोणी म्हणालं, निदान सुरुवात तरी केली. कोणी म्हणालं, प्रचारात साठ म्हणाले होते, निवडून आल्यावर ऐंशी झाले, पुढच्या वर्षी शंभर करतील. आणि मग सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या, कारण त्या दोन बाकांवर ऐंशी ओलांडलेले ते एकटेच होते.

म्हणजे खऱ्या वयाने. कागदावर बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.

हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आणि घराबाहेर कोणालाही नाही. बाबा लहानपणी सारखे आजारी असायचे, त्यामुळे शाळेत उशिरा घातले गेले. आजोबांनी संस्थानच्या कचेरीत कारकुनी केलेली, कागद म्हणजे काय चीज असते हे त्यांना पक्कं ठाऊक. नाव घालताना त्यांनी सरळ तीन वर्षं कमी लिहिली. पोरगा वर्गात थोराड वाटायला नको आणि पुढेमागे सरकारी नोकरी लागलीच तर ती तीन वर्षं जास्त टिकेल, असा दुहेरी विचार. नोकरी लागली, टिकली, आणि बाबा अठ्ठावन्नाव्या, म्हणजे एकसष्टाव्या वर्षी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले.

त्यामुळे त्यांची साठीशांत आमच्याकडे चोरासारखी झाली. बाबा अजून नोकरीत, कागदावर सत्तावन्न. खिडक्या लावून घेतल्या, गुरुजींना आवाज खाली ठेवायला सांगितलं, होमाच्या धुराने सगळ्यांचे डोळे लाल. शेजारच्या गुजराती बेननी दारात येऊन चौकशी केली, तेव्हा आईने सत्यनारायण आहे म्हणून ठोकून दिलं आणि मग ते निभावायला शिरा करून वाड्यात-गल्लीत वाटावा लागला. मी शेंडेफळ, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही भावंडं त्या दिवशी हसून हसून लोळलो, आणि आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला की, या वेळी दारं-खिडक्या उघड्या ठेवून करायचं. बाबा म्हणत होते, घरच्या घरी करा. मी म्हटलं, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आता कोण तुमच्या वयाचा हिशेब करत बसणार आहे. मीच मोबाइलवर आमंत्रण तयार केलं, वय ठळक अक्षरात घातलं आणि बाकावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. एक्याऐंशी दिव्यांनी बाबांना ओवाळलं, पुरणपोळ्या झाल्या, फोटो निघाले. मी स्वतःवर फार खूश होते.

आलेल्यांत काकाही होते. काका म्हणजे बाबांच्या हाताखाली तीस वर्षं काम केलेले गुजराती गृहस्थ. जुन्या शहरात मराठी शेजाऱ्यांत वाढलेले, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त मधेच त्यांची गुजराती डोकावते. बाबांना ते अजून साहेब म्हणतात. बाकावरच्या सगळ्यांचे फॉर्म तेच भरतात, आणि एकाही फॉर्मवर कधी खाडाखोड होत नाही. त्यांचं वय एकोणऐंशी.

साहेबांचा फॉर्म पहिला, असं त्या सकाळी काकांनीच जाहीर केलं. उद्या पेन्शनचं पुस्तक घेऊन या, म्हणाले. पुस्तकात जन्मतारीख होती. बाबांनी क्षणभर काठीच्या मुठीकडे पाहिलं आणि म्हणाले की त्यांना ते कार्ड नको, बाकीच्यांना वगळून मिळणारी भीक ते घेणार नाहीत.

बाकांवर टाळ्या पडल्या. बाबांच्या तोंडून निघून गेलेलं ते वाक्य त्यांच्या गळ्यात पडलं. ज्या माणसाने आयुष्यात कुठल्याच सरकारविरुद्ध ब्र काढला नव्हता, तो रोज सकाळी नव्या सरकारवर कडाडायला लागला. रिफायनरीवाले गृहस्थ इतरांना सांगायचे, याला म्हणतात तत्त्व. काका मात्र रोज त्याच शांतपणे विचारायचे, साहेब, पुस्तक आणलं का. परत येताना मी बाबांवर चिडायचे. पुस्तक हरवलं म्हणून सांगून टाका आणि विषय संपवा, म्हणायचे. आणखी एक खोटं कशाला, एवढंच ते पुटपुटायचे.

एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता मी विचारलं की, बाकीच्यांचं ठीक आहे, पण काकांनी पुस्तक मागितलं की तुमचा चेहरा असा का पडतो. बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मग सांगितलं की ऑफिसात त्यांच्या पाठोपाठ नंबर काकांचा होता. बाबा खऱ्या वयाने निवृत्त झाले असते, तर हेडक्लार्कची खुर्ची पुढची दोन वर्षं काकांना मिळाली असती. तसं झालं नाही. काका सीनियर क्लार्क म्हणूनच घरी गेले आणि त्यांच्या निरोप समारंभात भाषण बाबांनी केलं. आमच्या घरात खिडक्या लावून साठीशांत झाली ती त्याच महिन्यात.

मी सुरी खाली ठेवली. मला हे कधी सुचलंच नव्हतं. ती तीन वर्षं म्हणजे माझ्या लेखी आजोबांची चलाखी, घरातला एक चांगला विनोद. त्याच वर्षांत माझी फी भरली गेली, माझ्या लग्नाची बोलणी झाली, आणि वर मी स्वतःच काकांना दिवे बघायला बोलावलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की भाजी तशीच राहिली.

पुढच्या शनिवारी बाकावर ठरलं की कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायचं, साठीपासून सगळ्यांना कार्ड द्या म्हणून. मसुदा शिक्षिकाबाईंनी केला होता. त्यात एक वाक्य होतं की आमच्यापैकी एक एक्याऐंशी वर्षांचे पेन्शनर तत्त्व म्हणून हा लाभ नाकारत आहेत. पुढे बाबांचं नाव आणि पेन्शनचा नंबर, आणि पहिली सही त्यांनीच करायची. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, परत पुसला. घरी नेऊन नीट वाचतो, म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ते वाक्य खोडलं. मग ते जेवलेही नाहीत, दुपारभर लिहीत बसले. संध्याकाळी मला कागद दाखवला. पेन्शन कचेरीला पत्र होतं, गुजरातीत, त्यांच्या जुन्या ऑफिसच्या भाषेत. माझी नोंदलेली जन्मतारीख खोटी असून मला ते नोकरीला लागल्यापासून माहीत होतं, त्यामुळे मी तीन वर्षं जास्त नोकरी केली, त्यामुळे एका लायक सहकाऱ्याची बढती हुकली, तरी योग्य ती कारवाई व्हावी. मी भडकले. पेन्शन बंद झाली तर काय करणार, या वयात कचेऱ्यांत खेटे कोण घालणार, आणि कारवाई म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, असं काय काय बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. नोकरीत असताना त्यांचा एकही मसुदा काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता, तेव्हा हाही तसा जाणार नाही, म्हणाले. पाठवायचं की नाही ते काका ठरवतील.

काका रविवारी सकाळी आले. मी चहा ठेवला आणि मुद्दाम तिथेच बसून राहिले. बाबांनी कागद पुढे केला. काकांनी सवयीने खिशातून पेन काढलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पेन परत ठेवून दिलं. मग शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"मला ठाऊक होतं, साहेब," ते म्हणाले. "ऑफिसचं सिनिऑरिटी लिस्ट दर वर्षी मीच टाइप करायचो. तुमची जन्मतारीख मला मोढे छे, पाठ. दिवे ओवाळत होते तेव्हा मी मोजले."

मग बोलला का नाहीत, असं बाबांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"रोज पुस्तक तर मागत होतो."

बाबांनी मान खाली घातली. काकांचा चहा गार होत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत बाबांकडे वळले. "माझी घरवाळी शेवटपर्यंत म्हणायची, तुमचं नशीबच वाईट. मी तिला समजावायचो की जो, बघ, साहेब माझ्याहून एक वर्ष लहान, त्यात कोणाचा दोष. ती गेली ते तेच खरं मानून."

बाबांनी हात जोडले. आयुष्यात त्यांना कोणापुढे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. ते म्हणाले, तुम्ही सांगाल तर उद्याच टपालात टाकतो. काकांनी पत्राची काळजीपूर्वक घडी घातली. मला वाटलं, आता ते फाडतील, चांगली माणसं असंच करतात. पण त्यांनी ती घडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

"हे माझ्याकडे राहू दे," ते उठत म्हणाले. "पाठवीन की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. वीस वर्षं मी नशिबाला दोष देत काढली. आता थोडे दिवस तुम्ही काढा, साहेब."

"काढतो," बाबा म्हणाले.