प्रसूतिगृहातल्या लक्ष्म्या

घाबरलेली माणसं खरं बोलून जातात. आणि पनवेलमध्ये ते ऐकायला आम्ही तिघी होतो.

जुन्या भागात चौदा खाटांचं एक खाजगी प्रसूतिगृह होतं. तिथल्या टेबलावर बसून मी दहा-अकरा वर्षं जन्माचे फॉर्म भरले. किस्से आम्ही काही जमवायला गेलो नाही. दुपारी लेबर रूम रिकामी असली की स्टोव्हवर चहा चढायचा, कुणीतरी म्हणायचं, "ती आठवते का गं?", आणि एक निघायचा. त्याच्या मागून दुसरा. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, की त्यातल्या निम्म्या किश्शांमध्ये नाव एकच आहे. लक्ष्मी.

तिघी म्हणजे मी, आया ठमाबाई आणि मुख्य सिस्टर रिबेकाताई. ठमाबाई ओवे गावच्या, रोज पहाटे चालत निघायच्या. रिबेकाताई अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायला पळायच्या, आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, कितीही अडलेली बाई आली तरी आम्ही त्यांना बोलावत नसू. बहुतेक वेळा त्या आपणहूनच यायच्या.

मुलगा झाला की रिबेकाताई दारात येऊन सांगायच्या, "मुलगा झाला." मुलगी झाली की सांगायच्या, "लक्ष्मी आली." मुलगा झाल्यावर 'विष्णू आला' असं म्हणायची गरज कधी पडली नाही.

एकदा एका आजोबांनी त्यांना अडवलं. सज्जन माणूस, धोतर, काळी टोपी. म्हणाले, तुम्ही ज्यू, तुमच्यात मूर्ती चालत नाही, मग आमच्या देवीचं नाव कसं घेता?

रिबेकाताई म्हणाल्या, "आजोबा, 'मुलगी' म्हटलं की लोक हात मागे घेतात. 'लक्ष्मी' म्हटलं की पुढे करतात. नाहीतर मी हे बाळ ठेवू कुठे?"

आजोबांनी हात पुढे केले.

*

रोडपालीचा एक गृहस्थ होता. चांगला शिकलेला, कंपनीत नोकरी, बोलायला गोड. दोन मुलींच्या वेळी आमच्याकडेच आला होता. तिसऱ्या वेळी रिबेकाताई दारात गेल्या आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या.

तो हसला. आजूबाजूच्या चार माणसांकडे बघत म्हणाला, "सिस्टर, लक्ष्मी चंचल असते म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्यांदा आली, पण एकदाही जायचं नाव घेत नाही!"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. वाक्य होतंच तसं.

आत पडद्यापलीकडे त्याच्या बायकोच्या टाक्यांचं काम चाललं होतं. तिला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं. ती रडली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिला दूध येईना. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, ठमाबाईंनी शेपूची भाजी आणून खायला घातली. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं त्या पोरीला दोन दिवस पाजलं.

तो गृहस्थ बर्फी घेऊन आला होता. सगळ्या स्टाफला पुरेल एवढी. ठमाबाईंनी आपली वडी कागदात बांधली आणि जाताना टेबलावर माझ्यासमोर ठेवून गेल्या. म्हणाल्या, "तुमी हसलाव ना, तुमी खा."

*

कळंबोलीला इमारती उठत होत्या, त्या वर्षांतली गोष्ट. बांधकामावर तेलंगणातली पुष्कळ कुटुंबं असायची. एके दिवशी टेंपोतून एका बाईला आणलं. सोबत तिघी जणी. एकीलाही मराठी धड येत नव्हतं. चौघींच्याही साड्यांना सिमेंट लागलेलं. मी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, नाव काय?

तिघी एकदम म्हणाल्या, "लक्ष्मी."

मला वाटलं, बाईचं नाव सांगतायत. लिहिलं. मग सोबत सही कोण करणार म्हणून पहिलीला तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, लक्ष्मी. दुसरीही लक्ष्मी. तिसरीही लक्ष्मी. मी पेन खाली ठेवलं आणि रिबेकाताईंना म्हटलं, हा काय प्रकार आहे? पण त्यांचं लक्ष नव्हतं. बाई फार उशिरा आली होती, रक्त थांबत नव्हतं. मुंबईला न्यायचं ठरलं. गाडी दारात येऊन उभी राहिली आणि बाई गेली. मूल आधीच गेलेलं.

तासाभरानं मुकादम आला. मृत्यूच्या कागदावर नाव लागतं, म्हणून मी त्याला नाव विचारलं. त्यानं खिशातली वही काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "लक्ष्मी नंबर तीन."

त्याला त्यांची नावं उच्चारता येत नव्हती. म्हणून हजेरीला त्यानं सगळ्या बायकांना एकच नाव देऊन टाकलं होतं, शेवटी नंबर लावून. देवीचं नाव आहे, म्हणाला, वाईट काय त्यात?

मी त्या तिघींना बाहेरच्या बाकावर बसवलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटलं, "सुनंदा." मग आतल्या खाटेकडे बोट दाखवलं. त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यातली सर्वांत लहान होती ती, मेलेलीची जाऊ असावी, हळूच म्हणाली, "पोचम्मा."

मुकादम म्हणाला, वहीत वेगळं आणि कागदावर वेगळं झालं तर मला भानगड होईल. मी फॉर्मवरच्या 'लक्ष्मी'वर काट मारली आणि वर पोचम्मा लिहिलं. आयुष्यात सरकारी कागदावर मी केलेली ती एकमेव खाडाखोड.

पुढे कुणीतरी सांगितलं, पोचम्मा हीसुद्धा तिकडच्या गावची देवीच आहे.

*

आता माझंच सांगते.

माझं माहेरचं नाव सुनंदा. यजमानांचं नाव नारायण. त्यामुळे माझं नवं नाव काय ठेवायचं यावर आमच्या लग्नात कुणाला विचारच करावा लागला नाही. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यावर 'लक्ष्मी' लिहिलं आणि मी लक्ष्मी झाले. मला आवडलं होतं ते. सासूबाई हाक मारायच्या तीही गोड. "लक्ष्मी, जरा बघ गं दूध."

सहा वर्षांनी गोवा हायवेवर अपघात झाला आणि हे गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, घर पूर्वीसारखं चालू झालं. सासूबाई माझ्याशी वाईट वागल्या असं मी कधी म्हणणार नाही. पहिला घास त्या मला वाढायच्या. पण त्यांनी मला नावानं हाक मारणं बंद केलं. "अगं", "ऐकलंस का", "कुठे गेलीस". मी म्हटलं, दुःखात आहेत, मुलगा गेलाय. त्याच सुमाराला मी ह्या प्रसूतिगृहात नोकरीला लागले.

दोन वर्षांनी धाकट्या दिरांचं लग्न झालं. ताटात तांदूळ आले. भटजींनी विचारलं, सूनबाईंचं नाव काय ठेवायचं? सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी.

मांडवात कुणाला काही वाटलं नाही. नाव रिकामंच होतं ना.

आठ-पंधरा दिवसांनी मी पोळ्या लाटत होते. बाहेरून सासूबाईंची हाक आली, "लक्ष्मी!" मी सवयीनं "ओ" म्हटलं आणि पिठाच्या हातानं बाहेर आले. नवी जाऊ दुसऱ्या खोलीतून आली. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी मऊ होता.

"तू नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हे मी रिबेकाताईंना सांगितलं. त्यांनी काही उपदेश केला नाही. चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, तुझी आई तुला काय म्हणायची? तोवर मी प्रसूतिगृहात सगळ्यांची 'लक्ष्मीताई' होते. त्या चहापासून सुनंदा झाले.

*

नंतर ती पोट तपासायची मशिनं आली. गर्भ मुलगा की मुलगी ते सांगायचं नाही, असा कायदा झाला होता. भिंतीवर पाटीही असायची. पण सांगायला वाटा पुष्कळ होत्या.

आमच्याकडे नाव घातलेली एक बाई होती. पहिली मुलगी तीन वर्षांची, आता दुसऱ्यांदा दिवस राहिलेले. पाचव्या महिन्यानंतर ती तपासणीला यायची थांबली. ठमाबाईंना बाजारात दिसली, तेव्हा पोट सपाट होतं. पडलं, एवढंच म्हणाली. महिन्याभरानं ताप भरला म्हणून स्वतःच आमच्याकडे आली. मी कागद भरत होते, रिबेकाताई तिच्या काखेत थर्मामीटर लावून उभ्या होत्या, आणि ती कुणी न विचारता बोलायला लागली.

मशिनवर तपासून ती बाहेर आली, तेव्हा तिथल्या माणसानं तिच्या सासूबाईंना हात जोडले होते. "अभिनंदन, लक्ष्मी येतेय," एवढंच म्हणाला होता. घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, एक आहे ना आपल्याकडे लक्ष्मी.

"मला ते ऐकून आधी बरंच वाटलं हो," ती बाई म्हणाली. "मला वाटलं, चांगलं काहीतरी सांगतायत."

रिबेकाताईंनी थर्मामीटर काढलं, पाहिलं, झटकलं. किती ताप होता ते मला सांगायला त्या विसरल्या. मी विचारलं, तर त्यांना पुन्हा लावून बघावं लागलं.

त्याच दुपारी एक बाळंतपण झालं. मुलगी. रिबेकाताई बाळ घेऊन दारात गेल्या. आजी वाट बघत उभी होती. मी टेबलावरून बघत होते. रिबेकाताईंचं तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर पडेना. मग म्हणाल्या, "मुलगी झाली."

आजीनं पुढे केलेले हात पदराखाली घेतले.

रिबेकाताई बाळ घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी ठमाबाई गेल्या आणि आजीला म्हणाल्या, "धर ना बाय, पोर हाय, पेटता इंगळ नाय." तेव्हा कुठे तिनं बाळ घेतलं.

'लक्ष्मी आली' हे वाक्य रिबेकाताईंनी त्या दारात पुन्हा उच्चारलं नाही.

*

पुढे रिबेकाताई इस्रायलला गेल्या. मुलगा आधीच तिकडे होता. त्यांच्या पत्रांची मी वाट बघत असे. अक्षर सुंदर, ओळी सरळ. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की त्या एका वृद्धाश्रमात काम करतात. सोबत नेपाळची एक तरुण मुलगी आहे. म्हाताऱ्यांना उचलते, धुते, भरवते. तिची स्वतःची मुलगी गावाकडे आजीजवळ. आई निघाली तेव्हा ती रांगत होती, आता शाळेत जाते. फोनवर आईला 'दिदी' म्हणते.

त्या आईचं नाव लक्ष्मी. पण तिथल्या म्हाताऱ्यांना ते म्हणता येत नाही, असं रिबेकाताईंनी लिहिलं होतं. ते तिला 'लकी' म्हणतात.

*

एक किस्सा मात्र मागे राहिला. रिबेकाताई अजून इथेच होत्या, तेव्हाचा. आम्ही तिघींनी चहाच्या वेळी तो कधीच काढला नाही.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे एक बाई बाळंत झाली. मुलगी. सोबत सासू होती, पन्नाशीची, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दुपारी मी जेवून आले तर खाट रिकामी. दोघी निघून गेल्या होत्या. बाळ पाळण्यात, एका लाल शालीत गुंडाळलेलं, झोपलेलं.

फॉर्मवर आईचं नाव होतं लक्ष्मी, गाव मोरा. पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी हवालदार मोऱ्याला जाऊन आला. "बाई," तो मला म्हणाला, "तिकडे लक्ष्मी घरटी एक आहे. पण ही कुणाचीच नाही." चौथ्या दिवशी बाळ संस्थेत गेलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला, मी घरी जायला निघाले होते, तेव्हा ती सासू परत आली. एकटी.

ठमाबाईंनी मला खूण केली. रिबेकाताई पाळण्यापासून बाजूला झाल्या, तिला वाट मोकळी व्हावी म्हणून. आम्हाला तिघींनाही वाटलं, हिला राहवलं नाही. मी तर पोलिसांत द्यायला घेतलेला फॉर्म टेबलावर परत ठेवला.

ती पाळण्याशी गेली. बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं. मग एका हातानं ती शाल सोडवली, घडी घातली आणि काखेत मारली. "शाल माझ्या नणंदेची हाय," ती म्हणाली. "मागंल ती." रिबेकाताईंनी एक पांढरं दुपटं पुढे केलं. तिनं बाळाला त्यात घट्ट, नीट गुंडाळलं. सवयीचे हात होते. बाळाचं डोकं झाकलं, पुन्हा उघडलं. मग आपल्या कपाळावरचं कुंकू बोटावर घेऊन त्या एवढ्याशा कपाळाला लावलं आणि बाळाला पाळण्यात ठेवलं.

दारापर्यंत जाऊन ती थांबली. बाहेर गल्लीत घरोघर पणत्या लागल्या होत्या, लक्ष्मीसाठी दारं उघडी होती. ती आमच्याकडे न बघता म्हणाली,

"आज दार लावू नका हां, बाय."

आणि उंबऱ्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून, पायऱ्या उतरून गेली.